झग्याच्या शिवणीतली माया

पालिकेच्या इमारतीत शिरलं की समोर रुंद दगडी जिना लागतो. तो चढून वर जाणारी माणसं दर दोन-तीन वर्षांनी बदलत. त्याच जिन्याच्या पोटात एक बुटकं दार होतं. त्या दारामागच्या खोलीत टाकेबाई एकतीस वर्षं शिवणयंत्रावर बसत होत्या, आणि मुळात त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या.

म्हणजे नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलं होतं, ‘तात्पुरती, तीन महिने’. तीन महिने संपले की वरून कोणीतरी मुदतवाढीवर सही करायचं. अशा एकशे चोवीस सह्या झाल्या. सह्या करणारे कायम होते, तरी एकेक करून गेले. तात्पुरत्या बाई तेवढ्या राहिल्या.

टाकेबाई हे नाव त्यांना पहिल्या वर्षीच चिकटलं. बोलणं कमी आणि हात सारखा चालू, म्हणून. त्यांच्या हाताखाली तिघी होत्या. त्यातली एक काजं करण्यात इतकी वाकबगार, की तिला सगळे काजवालीच म्हणत. या चौघी मिळून शहरातल्या चारशे बारा सफाई कामगारांचे आणि गटारवाल्यांचे गणवेश शिवत. वर्षाला माणशी दोन जोड. खाकी कापड, दुहेरी शिवण, गुडघ्यावर आतून ठिगळ. खोलीची एकच खिडकी समुद्राकडे उघडायची, त्यामुळे खाऱ्या हवेशी बाईंचं जुनं वैर होतं. पितळी बटणं महिन्याभरात हिरवी पडत. पँटीची चेन तिसऱ्या आठवड्यात गंजून अशी अडून बसे, की माणसानं संडासात जाऊन करायचं काय? म्हणून बाईंनी चेनी कधीच हद्दपार केल्या होत्या आणि शिंगाची बटणं आणली होती. सुया तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवत. खरेदी विभागातले साहेब दरवर्षी नव्या उत्साहानं पितळी बटणांचा नमुना घेऊन खाली येत. बाई तो नमुना खिडकीत ठेवत आणि म्हणत, “पंधरा दिवसांनी या.”

गणवेशांखेरीज त्यांच्याकडे आणखी एक कपडा होता, महापौरांचा झगा. लाल लोकरीचा, निळ्या कॉलरचा, काठाला सोनेरी फीत, वजन चार किलो. सभागृहात महापौर झगा घालून आले की सगळे सदस्य उठून उभे राहत. आत कोण आहे ते नंतर बघत. नवा झगा शिवायला पालिकेकडे पैसे कधीच नसत, त्यामुळे महापौर बदलला की तोच झगा बाईंकडे यायचा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग सुटलं तर ती उसवून कपडा मोठा करता येतो. या झग्यात दोन्ही बगलांना चार-चार बोटं माया होती. माया तशी वरच्या मजल्यावरचे लोकही करत, पण त्यांची माया उसवून दुसऱ्या कोणाच्या अंगाला आल्याचं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

तर त्या वर्षी काय झालं, की थोरल्या महापौरांनी राजीनामा दिला. थोरले म्हणजे वयानं नव्हे, घेरानं. बंदरावर नवा धक्का बांधायचा म्हणून त्यांनी भलंमोठं कर्ज काढलं होतं. पैसे पुरे खर्च झाले आणि धक्का अर्धाच झाला. तो समुद्रात थोडा जाऊन असा थांबला होता, जणू काही विसरलं म्हणून परत फिरावं की काय या विचारात आहे. कर्जाचा पहिला हप्ता दारात आला तेव्हा थोरल्यांची प्रकृती अचानक बिघडली. राजीनाम्यात तसं लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी काजवालीच्या नवऱ्यानं त्यांना बंदरावर दोन नारळांचं पाणी एका दमात पिताना पाहिलं.

मग उपमहापौर काळजीवाहू झाले. काडीसारखा माणूस. बाईंनी झगा दोन्हीकडून आत घेतला, सगळी माया पोटात घातली. काळजीवाहूंनी सदतीस दिवस नुसती काळजी वाहिली. एकाही कागदावर सही केली नाही. “उद्या कोण येईल सांगता येत नाही, माझी सही त्यांना आवडली नाही तर?” असं म्हणायचे. त्या सदतीस दिवसांत बाईंची मुदतवाढही अडकली. पण यंत्र काही मुदतीवर चालत नव्हतं, ते चालू राहिलं.

शेवटी एका मताच्या फरकानं नवे महापौर निवडून आले. त्यांचा मासळीसाठी बर्फ बनवायचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना बर्फवाले म्हणत. मध्यम बांधा, केस चापून बसवलेले, चालणं घाईचं. खजिना रिकामा आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि रिकाम्या खजिन्यातून फक्त एकच गोष्ट काढता येते हेही कळलं. ती गोष्ट म्हणजे भाषण.

“आजपासून काटकसर!” ते पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले. “मोटार बंद, मी सायकलनं येणार. टेबलावर फुलं बंद, टॉवेल बंद. आणि हा झगा! हा झगा म्हणजे जनतेच्या पैशावरची मिजास. मी तो अंगाला लावणार नाही!”

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच सायकलनं आले. मागून मोटार त्यांची बॅग घेऊन आली.

झग्याचा मात्र साधा त्याग करून त्यांचं भागेना. झगा-त्याग सोहळा ठरला. मांडव, ध्वनिक्षेपक, छापील निमंत्रणं, पाचशे खुर्च्या, अल्पोपाहार. हा खर्च कशात दाखवायचा म्हणून अंदाजपत्रकात ‘काटकसर-प्रसार’ असं नवं सदर उघडलं गेलं. झगा समारंभपूर्वक काचेच्या पेटीत ठेवला, पेटी जिन्याच्या वरच्या चौकात बसवली, आत दिवा लावला. दिवा रात्रंदिवस चालू. टाकेबाई मागच्या रांगेत बसून सगळं बघत होत्या. काळजीवाहूंच्या मापाचाच राहिलाय, इस्त्री तरी करायची होती, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्यानंतर चार दिवसांनी शून्यसाहेब खाली आले.

शून्यसाहेब म्हणजे पालिकेचे लेखापाल. कोणीही कशासाठीही पैसे मागितले की चष्मा वर करून म्हणत, “शिल्लक शून्य.” तीस वर्षांत ते शिवणखोलीत दोनदाच आले होते, दोन्ही वेळा स्वतःचं बटण तुटलं म्हणून. आज त्यांची सगळी बटणं जागच्या जागी होती आणि कपाळावर घाम होता.

“टाकेबाई, झगा गेला,” ते म्हणाले.

“गेला कुठे? वर पेटीत आहे की.”

“पेटीत आहे हो. पुस्तकातून गेला.” त्यांनी काखेतलं जाडजूड अंदाजपत्रक यंत्राच्या फळीवर ठेवलं आणि एक पान उघडलं. ‘जाहिराती’ आणि ‘झाडांची छाटणी’ यांच्या मध्ये एक ओळ होती. ‘झगा, महापौरांचा : देखभाल व दुरुस्ती’. तिच्यावर लाल शाईनं रेघ मारलेली होती. “साहेबांनी स्वतः मारली. म्हणाले, झगाच घालत नाही तर देखभाल कसली?”

“बरोबरच आहे,” बाई म्हणाल्या. “आमचं काय जातंय त्यात?”

शून्यसाहेबांनी काजवालीच्या स्टुलावर बसकण मारली. “सगळंच जातंय. तुमचं कापड, दोरा, बटणं, तुम्हा चौघींचा पगार, सगळं याच ओळीतून निघतं.”

बाईंचा पाय यंत्राच्या पायट्यावरच थांबला.

मग शून्यसाहेबांनी सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी अशीच एक ओढगस्त आली होती. सभेनं ‘गणवेश’ हे सदरच कापून टाकलं होतं. गटारात उतरणाऱ्याला गणवेश कशाला, तिथं बघतंय कोण, असा मुद्दा निघाला होता. तेव्हाच्या लेखापालांना ते पाहवलं नाही. त्यांनी पुस्तक चाळलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की सभा सगळं कापते, फक्त झग्याला हात लावत नाही. कारण झग्यावर बोलायचं म्हणजे खुर्चीवर बोलायचं, आणि जो तो मनातून त्याच खुर्चीकडे बघत असतो. म्हणून त्यांनी गणवेश गुपचूप झग्याच्या पोटात घातले. पुढे त्यांच्या हाताखालचे शून्यसाहेब त्या खुर्चीवर बसले, त्यांनीही तसंच चालू ठेवलं.

“म्हणजे एवढी वर्षं मी कागदावर एका झग्याची मोलकरीण?” बाई म्हणाल्या.

“असं नका म्हणू.”

“मग काय म्हणू? चारशे बारा माणसांची मापं मला तोंडपाठ आहेत साहेब. कोणाचा डावा खांदा उतरता, कोणाला बाही अर्धा इंच आखूड लागते, सगळं. आणि पुस्तकात मी लाल झगा झटकत बसलेय.”

“मग जाऊन सांगा ना खरं काय ते,” काजवाली मधेच म्हणाली. तिची जीभ सुईसारखीच होती. “नव्या साहेबांना सांगा, की तुम्ही झगा सोडला नाही, चारशे माणसांच्या पँटी सोडल्या!”

शून्यसाहेबांनी खालच्या आवाजात समजावलं. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षं खोटं का लिहिलं हे आधी सांगावं लागेल. चौकशी बसेल. आणि खऱ्या नावानं सदर उघडलं तर येत्या सभेत ते पहिल्या झटक्याला कापलं जाईल. धक्क्याचा हप्ता कुठून तरी काढायचाच आहे. “आपलं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,” ते म्हणाले आणि पुस्तक काखेत मारून उठले. दारात थांबून म्हणाले, “महिनाअखेर खोलीला कुलूप लागेल. मला खरंच वाईट वाटतंय.”

शून्यसाहेबांच्या तोंडून शून्याखेरीज निघालेली ती पहिलीच रक्कम होती.

टाकेबाईंनी तरीही अर्ज केला. ‘सफाई कामगारांचे गणवेश बंद पडतील, कृपया विचार व्हावा.’ तो अर्ज आरोग्य विभागाकडे गेला, तिथून उद्यान विभागाकडे, तिथून काटकसर-प्रसार कक्षाकडे. तीन टेबलं फिरून उत्तर आलं. ‘झग्याचा विषय बंद करण्यात आला आहे.’

महिनाअखेर कुलूप लागलं. घरी बाई पडद्यांना दुमड घालायची कामं घेऊ लागल्या. त्यांचा नवरा पूर्वी खाडीच्या पलीकडे जाणारी होडी चालवायचा. गुडघे गेल्यावर तो खिडकीत बसून पेपर चालवायला लागला. बर्फवाल्यांच्या काटकसरीच्या बातम्या तो रोज मोठ्यानं वाचून दाखवी.

“अगं ऐक. ‘महापौरांनी स्वतःचा चहा स्वतः ढवळला.’ फोटो पण आहे.”

“चमचा तरी त्यांचाच होता का?” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात सफाई कामगारांची मुकादम घरी आली. धिप्पाड बाई, आवाज भोंग्यासारखा. तिच्यामागे एक म्हातारा गटारवाला खाली मान घालून उभा. गणवेश विरला, नवा मिळाला नाही, म्हणून घरचा बनियन घालून तो गटारात उतरला होता. आतल्या सळईनं पाठ फाटली, सात टाके पडले.

“दवाखान्यातले टाके काही खरे नाहीत,” म्हातारा हसून म्हणाला. “बाई, तुमचे घट्ट असतात.”

कोणी हसलं नाही. बाईंनी त्याच्या जुन्या कोटाला आतून जाड कापड लावून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी कातर खाली ठेवली, पडद्यांचं काम बाजूला सारलं. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

“नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही बघ,” तो म्हणाला.

“आपला हात तिथवर पोचतोय कुठं?” बाई म्हणाल्या.

पोचला, आणि तोही दुसऱ्याच दिवशी. यंत्रं लिलावात काढायची होती. त्याआधी सामान मोजून द्यायला बाईंना पालिकेत बोलावलं होतं. त्या भांडारातल्या कारकुनासमोर बॉबिनी मोजत होत्या. एकशे सदतिसावी बॉबिन हातात असताना महापौरांचा शिपाई धापा टाकत आला.

“टाकेबाई, सुई आहे का? चला वर, आत्ता!”

“काय झालं?”

शिपायानं कारकुनाकडे पाहिलं, मग बाईंच्या कानाशी वाकून म्हणाला, “साहेबांची पँट उसवली. मागून. सायकलवरून उतरताना. वीस मिनिटांत अंदाजपत्रकाची सभा आहे.”

बर्फवाले आपल्या दालनात खुर्चीला पाठ लावून इतके ताठ बसले होते, की खुर्ची आणि ते एकजीव झाले होते. “टाका घालता येईल का, उभ्याउभ्या?” त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांना वळायला सांगितलं, पाहिलं आणि मान हलवली. “उभ्याउभ्या नाही व्हायचं साहेब. काढून द्यावी लागेल. गुंडाळायला टॉवेल आहे का?”

“टॉवेल काटकसरीत गेले,” शिपाई म्हणाला.

“पडदा?”

“पडदे पण गेले. टेबलावरचा कपडासुद्धा.”

महापौर शिपायाकडे असे बघू लागले, की जणू ही सगळी काटकसर त्यानंच सुरू केली होती. बाईंच्या मनात आधी खरंच काही नव्हतं. असं त्या पुढे नेहमी सांगत. त्यांची नजर दारातून बाहेर गेली. चौकात काचेच्या पेटीत दिवा जळत होता.

“पेटीतला तो झगा आणा,” त्या शिपायाला म्हणाल्या. “तेवढ्यापुरता.”

“झगा नको!” महापौर ओरडले.

“बरं, नको,” बाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. शेवटी महापौर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आणा. दार बंद करून घ्या.”

झगा काळजीवाहूंच्या मापाचा, त्यामुळे बगलेत अडला. बाईंनी “जरा हात वर करा” म्हणत दोन्ही शिवणी सरसर उसवल्या. आतली माया बाहेर आली. चार टाके घातले, आणि झगा बर्फवाल्यांच्या अंगावर असा उतरला, जणू त्यांच्यासाठीच बेतला होता. मग पँट घेऊन बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

दालनात एक उभा आरसा होता. महापौरांनी त्यात पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. एकदा समोरून, मग जरा बाजूनं.

“जड आहे हो,” ते म्हणाले.

“चार किलो. थोरल्या साहेबांना शोभायचा नाही,” बाई मान खाली घालून म्हणाल्या. “पोटावर ताणायचा. काळजीवाहूंच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. झग्याला खांदे लागतात.”

“असं?”

“आता हे कोणी सांगायची गोष्ट आहे का? आरसा सांगतोच की.”

महापौरांनी खांदे मागे घेतले. पँटीची शिवण बाईंनी सात मिनिटांत पुरी केली होती. घंटा व्हायला अजून पाच मिनिटं होती. त्या पँट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मधूनमधून सुई वर-खाली करत होत्या, पण त्या सुईत दोरा नव्हता.

घंटा झाली. “झालं का?” महापौरांनी विचारलं.

“एक पदर झाला. दुसरा घातला नाही तर भर सभेत पुन्हा… तुमची मर्जी.”

बाहेरून कोणीतरी दार ठोठावलं. सभागृह भरलंय, साहेब, सगळे वाट बघताहेत. महापौरांनी पँटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि आरशाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग झगा पुढून घट्ट धरून ते निघाले.

सभागृहात ते निवडून आल्यापासून साध्या कपड्यात येत होते आणि कोणी मान वर करून बघत नव्हतं. आज दारात लाल रंग दिसला आणि सगळे सदस्य, विरोधकसुद्धा, खाडकन उभे राहिले. जुनी सवय. उभं राहून झाल्यावर त्यांना आठवलं, की हा झगा तर त्यागलेला आहे.

टाकेबाई प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या होत्या. कापडी पिशवीत पँट होती.

विरोधी बाकावरची वकीलबाई आधी उठली. “साहेब, याच झग्याच्या त्यागाला आम्हाला निमंत्रण होतं. अल्पोपाहारही झाला होता. आता हे काय?”

बर्फवाल्यांनी क्षणभर डोळे मिटले. “त्याग एकदा करून भागत नाही, बाई. माणसाला त्यागाचासुद्धा अभिमान चढतो. म्हणून आज मी त्यागाचाही त्याग केला!”

त्यांच्या बाजूची बाकं वाजली. वकीलबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, “झगा-त्यागाचा ठराव अजून कायम आहे. नियमाप्रमाणे आपण झगा आत्ता, इथेच उतरवायला हवा.”

महापौरांनी झगा दोन्ही हातांनी असा आवळला, की बोटं पांढरी पडली. “प्राण गेला तरी झगा उतरणार नाही!” ते गरजले.

एवढा ठामपणा तिथं कोणी कधी पाहिला नव्हता. शेजारी बसलेल्या शून्यसाहेबांची नजर तेवढ्यात खाली गेली. झग्याच्या काठाखाली बूट होते, बुटांवर मोजे होते, आणि मोज्यांच्या वर जे असायला हवं ते नव्हतं. शून्यसाहेबांनी ग्लासभर पाणी पिऊन घेतलं. मग बाकावरच्या टाकेबाईंकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. तीस वर्षांचा हिशेबाचा माणूस, बेरीज करायला त्याला वेळ लागला नाही. त्यांनी अंदाजपत्रकाचं ते पान उघडून महापौरांपुढे सरकवलं आणि कुजबुजले, “साहेब, झगा ठेवायचा तर ही रेघ खोडावी लागेल. आणि खारी हवा वाढलीय. थोडी जास्त तरतूद?”

“करा, करा,” महापौर म्हणाले.

सभा चार तास चालली. दर वर्षी अंदाजपत्रकाची सभा आठवडाभर रेंगाळायची, कारण मधल्या सुट्टीत गट फुटायचे आणि जुळायचे. या वेळी सुट्टीच झाली नाही. महापौर जागचे हलायला तयार नव्हते. भुकेनं व्याकूळ होऊन सदस्यांनी धक्क्याचा हप्ता, पाणीपट्टी, दिवाबत्ती, सगळं एका बैठकीत मंजूर करून टाकलं. झग्याची ओळ वाचली गेली तेव्हा समोर झगा घालून महापौर बसलेले. हरकत घेणार कोण?

नंतर दालनात बाईंनी पँट दिली. महापौरांनी ती घेऊन उजेडात धरली. “एवढा वेळ लागला?”

“कापड विरलंय साहेब. जपून करावं लागलं.”

त्यांनी बाईंकडे निरखून पाहिलं. काही बोलतील असं वाटलं. पण शेवटी म्हणाले ते एवढंच, “कॉलर जरा टोचते. बघून घ्या.”

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा होता, ‘ठाम महापौर’. नवऱ्यानं तो तीनदा वाचला आणि हसताहसता त्याला ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं, पण त्या हसल्या नाहीत.

“एका माणसाला चार तास तसं बसवलं,” त्या म्हणाल्या. “बरं नाही वाटलं मला.”

“जराही नाही?”

“जरा वाटलं,” बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला घेतली.

खोलीचं कुलूप निघालं. बर्फवाल्यांना झग्याची अशी गोडी लागली, की ते गटारांची पाहणी करायलाही तो घालून जाऊ लागले. एकदा अर्ध्या धक्क्यावर वाऱ्यानं झगा डोक्यावर गेला. तो फोटो पेपरात आल्यावर ते थोडे निवळले. अकरा महिन्यांनी त्यांचंही एक मत फिरलं आणि ते बर्फाकडे परत गेले. त्यांच्यानंतर एक निवृत्त मुख्याध्यापिका महापौर झाल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या. बाईंनी झग्याची खालची दुमड सोडून लांबी वाढवून दिली.

त्याच वर्षी शून्यसाहेबांनी नोकरीतलं पहिलं आणि शेवटचं धाडस केलं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. त्यांनी पुस्तकात ‘गणवेश, सफाई कामगारांचे’ असं खरं सदर खऱ्या नावानं उघडलं. टाकेबाईंना बोलावून ते पान दाखवलं. बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. सभेत ते सदर तीन मिनिटांत निम्म्यावर आलं. “गणवेशावर एवढा खर्च?” एवढ्या एका प्रश्नावर. झग्याची ओळ मात्र कोणी वाचलीसुद्धा नाही. शून्यसाहेबांनी पुस्तक छापखान्यात जायच्या आधी कापलेली निम्मी रक्कम निमूटपणे झग्याच्या पोटात परत ढकलली आणि पाच महिन्यांनी हार घेऊन घरी गेले.

त्यांच्या जागी एक तरुण लेखापाल मुलगी आली. ती संगणकावर काम करायची आणि कुठलाही आकडा तिला गप्प बसू देत नसे. दुसऱ्याच आठवड्यात ती जिन्याखालच्या दारात वाकून उभी राहिली. हातात छापील कागद.

“टाकेबाई म्हणजे तुम्हीच ना? मावशी, मला एक कळत नाही. झगा एकच आहे ना?”

“एकच.”

“मग त्याला वर्षाला साडेसतराशे मीटर खाकी कापड कसं लागतं? आणि साडेसात हजार बटणं?”

काजवालीचा हात थांबला. बाकीच्या दोघींनी यंत्रं बंद केली. टाकेबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं, जमलंही असतं. पण पोरीचे डोळे हुशार होते आणि कुडत्याची डावी बाही कोपराशी रफू केलेली होती, घरच्या हातानं, नीट. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पँटीचं मात्र गाळलं. ते काजवालीनं भर घालून सांगितलं.

मुलगी ऐकता ऐकता एकदा हसली, एकदा कपाळाला हात लावला. ऐकून झाल्यावर उठून खिडकीशी गेली. पाळी सुटल्यावर कामगार रस्त्यानं घरी चालले होते. समुद्राकडून ढग चढून आले होते, आणि माणसं डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या धरून चालली होती.

“मावशी,” तिनं कागदाची घडी घालत विचारलं, “यात रेनकोट बसतील का हो?”

“बसवले तर बसतील,” टाकेबाई म्हणाल्या. “तू त्यांना झग्याचं अस्तर म्हण.”